बाटलीतला भ्रूण आणि शेतातला वेल

रताळ्याचे बी कसे दिसते, असे विचारले तर वर्षानुवर्षे रताळी पिकवणारा शेतकरीही क्षणभर अडखळेल. आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली की बेळगाव परिसरातून रताळ्यांची पोती भरून येतात. घरोघरी त्यांचा कीस होतो, उकडलेल्या फोडी होतात, तुपातल्या गोड चकत्या होतात. या सगळ्या व्यवहारात बी मात्र कुठेच नसते. गेल्या हंगामातल्या वेलाचे तुकडे कापायचे, सरी-वरंब्यावर खोचायचे आणि पाणी द्यायचे, ही रताळ्याची लागवड. बियाण्याच्या दुकानात या पिकासाठी कोणी जात नाही.

रताळ्याला फूल येते, अधूनमधून बीही धरते. ओढ्याकाठी माजणारी बेशरम, कुंपणावर चढणारी गणेशवेल, पाण्यात वाढणारी नाळीची भाजी ही सगळी रताळ्याची सख्खी भावंडे. फूलही तसेच, कर्ण्याच्या आकाराचे आणि फिकट जांभळे. पण बहुतेक जातींचे फूल स्वतःचे किंवा त्याच जातीचे परागकण स्वीकारत नाही. दुसऱ्या जातीशी संकर झाला तर बी धरते आणि त्या बियातून आईसारखे रोप कधीच उगवत नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एकूण ४६. रताळ्याच्या पेशीत सहा संच असतात, एकूण ९०. एवढी पत्त्यांची पाने पिसली गेली की प्रत्येक डाव वेगळा पडतो. नवीन जाती शोधणाऱ्या संशोधकाला हे बी सोन्यासारखे. शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण त्याला गोड, लाल सालीची, सारख्या आकाराची रताळी हवी असतात.

म्हणून वेल. आणि वेलाबरोबर येतात विषाणू.

बियातून उगवणाऱ्या पिकाला निसर्गाने एक चाळणी दिली आहे. झाडाला झालेले बहुतेक विषाणूजन्य रोग बियातून पुढच्या पिढीत जात नाहीत. रताळ्याला ही चाळणी नाही. यंदाचा वेल म्हणजे गेल्या वर्षीच्याच वेलाचा तुकडा, आणि तो त्याच्या आदल्या वर्षीच्या वेलाचा. मावा आणि पांढरी माशी यांनी एकदा विषाणू आणून सोडले की ते बेण्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. एकेकटा विषाणू बहुधा फार नुकसान करत नाही. पण माव्यामार्फत येणारा एक आणि पांढऱ्या माशीमार्फत येणारा दुसरा असे दोन ठरावीक विषाणू एकाच वेलात भेटले, तर दुसरा विषाणू वेलाची संरक्षणयंत्रणाच लुळी पाडतो आणि पहिल्याला मोकळे रान मिळते. पाने बारीक, वाकडी होतात, वेल खुरटतो. पूर्व आफ्रिकेत या दुहेरी रोगाने उत्पादन ८० टक्क्यांहून अधिक घटल्याच्या नोंदी आहेत. ‘जात जुनी झाली, आता पिकत नाही’ असे शेतकरी म्हणतात, तेव्हा पुष्कळदा जात तशीच असते. तिच्या अंगात रोग साठलेला असतो.

या अडचणीवर शास्त्रज्ञांनी एक धाडसी उत्तर शोधायला घेतले. फुलावाचून, परागावाचून, वेलाच्याच एखाद्या तुकड्यातून भ्रूण तयार करता आला तर? भ्रूण म्हणजे बियाच्या आत झोपलेले इवले रोप. असा भ्रूण संकरातून आलेला नसल्याने तो हुबेहूब मूळ जातीचा असेल, आणि निरोगी वेलापासून सुरुवात केली तर तोही निरोगी असेल. वर, एका चंबूत असे हजारो भ्रूण वाढवता येतील.

कल्पना जुनी आहे. वनस्पतीच्या साध्या पेशीतून कृत्रिमरीत्या भ्रूण घडवता येईल, असे भाकीत ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्येच केले होते. प्रत्यक्षात ते घडायला अर्धशतक लागले. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात फ्रेडरिक स्टीवर्ड यांनी आणि जर्मनीत याकोब राइनर्ट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गाजराच्या पेशींपासून भ्रूण वाढवून दाखवले. स्टीवर्ड यांच्या पोषणद्रवात नारळाचे पाणी होते. नारळाचे पाणी हे नारळाच्या स्वतःच्या भ्रूणासाठी साठवलेले अन्नच असते, त्यामुळे गाजराच्या पेशींनाही ते मानवले यात नवल नाही. पुढे १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून भ्रूण मिळवले. महादेवाला वाहायच्या धोत्र्याने जगभरच्या प्रयोगशाळांना एक नवी वाट दाखवली. भारतीय वनस्पतिशास्त्रातल्या मोजक्या मोठ्या शोधांपैकी हा एक आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

रताळ्याची पाळी १९८४ मध्ये आली. फ्लोरिडा विद्यापीठात लिऊ आणि डॅनियल कँटलिफ यांनी रताळ्याच्या वेलाच्या ऊतींपासून भ्रूण आणि त्या भ्रूणांपासून पूर्ण रोपे वाढवल्याचे प्रसिद्ध केले.

ही प्रक्रिया वाचायला सोपी आणि करायला चिकाटीची आहे. वेलाच्या शेंड्यातला किंवा पानाच्या बेचक्यातल्या कोंबातला अगदी टोकाचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली कापून घेतात. त्याआधी वेल निर्जंतुक करावा लागतो, कारण पुढच्या बाटलीत साखर असते आणि साखर म्हटल्यावर बुरशी वाट पाहतच असते. क्षार, साखर, जीवनसत्त्वे आणि घट्टपणासाठी अगार घातलेल्या पोषणमाध्यमावर हा कण ठेवतात. या माध्यमात आणखी एक पदार्थ असतो, त्याचे नाव ऐकून शेतकरी चमकेल: २,४-डी. गव्हातले, उसातले रुंद पानांचे तण मारायला जे फवारतात तेच हे रसायन.

तणनाशकाने भ्रूण कसा जन्माला घालायचा? गंमत मात्रेत आहे. वनस्पतीच्या अंगात ऑक्झिन नावाची संप्रेरके असतात. कोणत्या पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे हे ती सांगतात. २,४-डी हे ऑक्झिनची नक्कल करते. शेतात फवारलेल्या मात्रेत ही नक्कल एवढा गोंधळ घालते की तण वेडेवाकडे वाढून मरते. प्रयोगशाळेत लिटरभर माध्यमात ते साधारण एक-दोन मिलिग्रॅमच असते. एवढ्या मात्रेत पेशी मरत नाहीत, पण ‘मी शेंड्याची पेशी आहे’ ही आपली ओळख विसरतात आणि विभाजित होत राहतात. काही आठवड्यांत तिथे पेशींचा गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात.

इथे नजरेची पारख लागते. कॅलस दोन तऱ्हेचा दिसतो. एक मऊ, पाणचट, पांढरट. तो कितीही वाढला तरी त्यातून काही निघत नाही. दुसरा घट्ट, पिवळसर, दाणेदार, हळू वाढणारा, आणि भ्रूणाची क्षमता असते ती यातच. बाटलीत दोन्ही शेजारी-शेजारी वाढतात आणि निरुपयोगी कॅलस भराभर वाढून कामाच्या कॅलसला गिळू पाहतो. दर थोड्या आठवड्यांनी चिमट्याने पिवळे दाणे निवडून नव्या बाटलीत हलवावे लागतात. तांदूळ निवडण्यासारखेच काम, फक्त निर्जंतुक कपाटात आणि श्वास रोखून.

पुरेसा पिवळा कॅलस जमला की माध्यमातले २,४-डी काढून घेतात. विभाजनाचा रेटा सैल पडतो आणि पेशींचे पुंजके आकार घेऊ लागतात. आधी गोल, मग बदामासारखा, मग लांबट, आणि शेवटी दोन दले व मूळ असलेला भ्रूण. फुलातल्या बीजांडात जे टप्पे दिसतात तेच इथे, फक्त भोवती फूल नाही, फळ नाही आणि बापही नाही.

या गोष्टीत एक आडकथा आहे. निसर्गात ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू झाडांच्या पेशीत आपली काही जनुके घुसवतो. जनुक-अभियांत्रिकीने हीच युक्ती त्याच्याकडून उचलली. २०१५ मध्ये बेल्जियममधील घेंट विद्यापीठ आणि पेरूतील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांच्या संशोधकांनी दाखवले, की लागवडीखालच्या रताळ्यात या जिवाणूची जनुके आधीपासूनच आहेत. तपासलेल्या सर्वच्या सर्व २९१ लागवडीच्या नमुन्यांत ती सापडली. त्यातली काही जनुके ऑक्झिन तयार करण्याच्या कामाची आहेत. म्हणजे माणसाने प्रयोगशाळा बांधण्याच्या कितीतरी आधी कोण्या जिवाणूने रताळ्याच्या संप्रेरकांत हात घातला होता, आणि उपवासाला चालणारे हे कंद जन्मतःच ‘जनुक बदललेले’ आहे.

बटाटा केंद्राचा उल्लेख आला म्हणून सांगायचे: मराठीतला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांचा ‘बटाटा’ कॅरिबियन बेटांवरून. तिथे तो शब्द रताळ्यासाठी होता. रताळ्याचे नाव बटाट्याने पळवले. रताळ्याच्या शास्त्रीय नावात ते ‘बटाटास’ या रूपात अजून टिकून आहे.

तर भ्रूण तयार झाला. पण शेतात जायला त्याच्या अंगावर काही नाही. खऱ्या बियात भ्रूणाभोवती अन्नसाठा असतो, वर टणक साल असते, आणि मुख्य म्हणजे ते वाळून निद्रिस्त होते व महिनोन्‌महिने थांबते. बाटलीतला भ्रूण ओला, नाजूक आणि घाईत असतो. त्याला कृत्रिम साल द्यावी, ही कल्पना तोशिओ मुराशिगे यांनी १९७७ मध्ये मांडली. जगातल्या बहुतेक ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांत वापरले जाणारे पोषणमाध्यम ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात भ्रूण घोळवायचा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब सोडायचा. थेंब घट्ट होऊन पारदर्शक मणी बनतो आणि आत भ्रूण. भिजवलेला साबुदाणा डोळ्यांसमोर आणावा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बापट आणि राव यांनी १९८० च्या दशकात चंदनाच्या भ्रूणांवर हे करून दाखवले होते. रताळ्यासाठी फ्लोरिडात भ्रूण पातळ जेलीत मिसळून थेट पेरण्याचे प्रयोगही झाले.

चार दशके होत आली, पण रताळ्याचे कृत्रिम बी घेऊन कुठला शेतकरी शेतात चाललेला दिसत नाही. याची कारणे तांत्रिक आहेत आणि ती लपवण्यासारखी नाहीत. एका जातीला लागू पडलेली कृती दुसरीला लागू पडत नाही. काही जाती भराभर भ्रूण देतात, काही फक्त पांढरा कॅलस देत बसतात, आणि शेतकऱ्याच्या आवडीची जात नेमकी दुसऱ्या गटात निघू शकते. तयार झालेल्या भ्रूणांपैकी अनेकांना मूळ फुटते, पण शेंड्याची वाढणारी पेशीसमूहाची घुमटी नीट बनलेलीच नसते. अशा भ्रूणाला खालून पाय फुटतात, वर डोके नसते. शिवाय कॅलस अवस्थेत फार काळ राहिलेल्या पेशींत जनुकीय बदल साचतात. मग ज्या एकसारखेपणासाठी हा सारा खटाटोप, तोच हातचा जातो.

आणि मग पैशाचे गणित. महाराष्ट्राला टिश्यू कल्चर शिकवावे लागत नाही. जळगावच्या केळीने ते गावोगाव पोहोचवले आहे. पण केळीची रोपे दीड मीटरच्या चौरसात लावली तर एकरी साधारण १,८०० लागतात. रताळ्याचे वेल ६० बाय २० सेंटिमीटरवर लावायचे तर एकरी ३३,००० हून जास्त तुकडे लागतात. केळीच्या रोपाला मोजतो ती किंमत रताळ्याच्या एकेका तुकड्याला मोजणे कोणालाच परवडणार नाही. कृत्रिम बियाची ओढ होती ती यासाठीच: चंबूत यंत्राने हजारोंनी तयार होणारे, हात न लावता पेरता येणारे काहीतरी हवे होते. जे पीक गरिबाच्या शेतात आणि गरिबाच्या ताटात असते, त्याच्यासाठी महाग बी बनवून चालत नाही, या साध्या गोष्टीवर हे स्वप्न आजवर अडले आहे.

दरम्यान, कमी दिमाखाचे एक तंत्र काम करून गेले. विषाणू वेलभर पसरतो, पण शेंड्याच्या टोकाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान भाग बहुधा त्याच्यापासून मुक्त राहतो. फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये डेलियाच्या रोगट झाडांपासून या पद्धतीने निरोगी रोपे मिळवली होती. रताळ्यातही तेच करतात: वेलाला काही दिवस उष्ण वातावरणात ठेवायचे, टोकाचा कण कापायचा, बाटलीत त्याचे रोप करायचे आणि रताळ्याच्याच एका संवेदनशील भावंडावर त्याचे कलम करून विषाणू उरला आहे का ते तपासायचे. भ्रूण नाही, कॅलस नाही, कृत्रिम बी नाही. स्वच्छ ठरलेले एक रोप जाळीच्या घरात वाढवायचे, त्याचे वेल कापून रोपवाटिकेत लावायचे, तिथले वेल कापून शेतकऱ्याला द्यायचे. प्रयोगशाळेचा महाग भाग मूठभर रोपांपुरता राहतो आणि पुढची वाढ कात्री व माती करतात. चीनच्या शांडोंग प्रांतात १९९० च्या दशकात अशा विषाणूमुक्त बेण्याचा प्रसार झाला. १९९८ पर्यंत तिथल्या रताळ्याच्या सुमारे ८० टक्के क्षेत्रावर ते पोहोचले होते आणि उत्पादन किमान ३० टक्क्यांनी वाढले.

चांगल्या बेण्याचा प्रश्न केवळ शेतकऱ्याच्या खिशाचा नाही. आपल्या बाजारातले रताळे बहुधा आतून पांढरे असते आणि त्यात बीटा-कॅरोटिन नगण्य असते. नारिंगी गराच्या रताळ्यात ते भरपूर असते आणि शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. पाच वर्षांखालच्या मुलाची दिवसाची गरज भागायला असे सव्वाशे ग्रॅम रताळे पुरते. मोझांबिकच्या खेड्यांत नारिंगी रताळ्याचे वेल आणि आहाराची माहिती दिलेल्या कुटुंबांतल्या लहान मुलांची तपासणी झाली. रक्तात ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. ज्यांना ते दिले नव्हते त्या मुलांत फरक पडला नाही. या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना, जैवसमृद्ध पिकांचे प्रवर्तक हॉवर्थ बुईस यांच्यासह, २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पण तिथेही अडचण वेलाचीच होती. कोरड्या हंगामात वेल वाळून जातात आणि पावसाच्या तोंडावर लावायला बेणेच उरत नाही. त्यावर निघालेला उपाय प्रयोगशाळेतला नाही. निरोगी झाडांची छोटी रताळी कोरड्या वाळूत थर देऊन ठेवायची आणि पावसाच्या काही आठवडे आधी बाहेर काढून, जमिनीत लावून पाणी द्यायचे. त्यांना कोंब फुटतात आणि लागवडीला वेल तयार होतात.

मग बाटलीतल्या भ्रूणाचे काय झाले? त्याने दुसरी नोकरी धरली. पिवळ्या कॅलसमधल्या एका पेशीत जनुकीय बदल केला तर त्यातून येणारे अख्खे रोप तो बदल घेऊन येते. म्हणून रताळ्यावरचे जनुकसंपादन आज बहुतांशी याच भ्रूणक्षम कॅलसवर चालते. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने रताळ्यातल्या पिष्टाची ठेवण बदलून दाखवली. दुसरे काम साठवणीचे. पेरूच्या राजधानीत, लिमा येथे, आंतरराष्ट्रीय केंद्रात रताळ्याचे हजारो वाण परीक्षानळ्यांत जिवंत ठेवलेले आहेत आणि ती रोपे पुन्हा-पुन्हा नव्या नळीत हलवावी लागतात. भ्रूणक्षम ऊती उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून नंतर पुन्हा वाढवता येतात, हे १९९० च्या दशकातच सिद्ध झाले आहे.

भारतात या पिकाचे मुख्य काम तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेत चालते. तिच्या ‘भू सोना’ या नारिंगी जातीत १०० ग्रॅममागे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आहे. ‘भू कृष्णा’ जांभळ्या गराची आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला अशा जाती पिकवायच्या तर प्रश्न पुन्हा तिथेच येतो: स्वच्छ वेल कोण देणार? केळीच्या प्रयोगशाळा राज्यात आहेत, हात तयार आहेत. एक-दोन जाळीघरे आणि वर्षाआड मातृरोपे बदलण्याची शिस्त एवढीच जोड लागेल. कृत्रिम बियाची वाट पाहण्यापेक्षा हे कितीतरी जवळचे आहे.

तोवर शेतकऱ्याच्या हातात काही गोष्टी आहेत, आणि त्या फुकट आहेत. बेण्यासाठी वेल कापायचा तो काढणीच्या गडबडीत उरलेल्या ढिगातून नको. आधीच पीक उभे असताना जोमदार, सरळ पानांची झाडे काठी रोवून खुणावून ठेवावीत. तुकडा शेंड्याकडचा घ्यावा, वीस-तीस सेंटिमीटरचा. बुडाकडच्या जून वेलात सोंडे किडीची अंडी असण्याची शक्यता जास्त असते. नवी लागवड जुन्या रोगट शेताला लागून करू नये. पाने बारीक होऊन पिवळी पडलेला वेल दिसला, तर तो उपटून बांधावर टाकू नये, कारण बांधावर तो पुन्हा रुजतो.